उभ्या क्रेनचा मोबदला

रस्त्यात बंद पडलेली गाडी उचलण्याचा धंदा बाहेरून पाहणाऱ्याला फेऱ्यांचा वाटतो. फोन आला, क्रेन निघाली, गाडी टोचन करून गॅरेजला सोडली, पैसे घेतले. प्रत्यक्षात या धंद्याचा मोठा भाग थांबण्याचा आहे. खोपोलीजवळ किंवा कसारा घाटाच्या पायथ्याशी रात्री दोन वाजता फ्लॅटबेड उभा असतो, ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा झालेला असतो, बँकेचा हप्ता आणि विमा चालू असतो, आणि फोन वाजत नसतो. तो वाजेल तेव्हा पाच मिनिटांत निघता यावं, यासाठी हे सगळं तयार ठेवावं लागतं. महिनाभर आग लागली नाही म्हणून कुणी अग्निशमन दलाचा बंब विकायला काढत नाही. त्याच्या तयारीचा खर्च नगरपालिका उचलते. रस्त्यावरच्या मदतीत हा खर्च कोणी उचलायचा, याचं उत्तर ज्याला मिळालं त्याला कायमचं काम मिळालं. बाकीच्यांना नुसते फोन मिळतात.

‘एखादं पक्कं कंत्राट मिळवून द्या’ असं क्रेनमालक म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा मोठ्या कंपनीचं नाव असतं. नावापेक्षा कंत्राटाची जात महत्त्वाची आहे, असं माझं मत आहे. महाराष्ट्रात आज या व्यवसायाला काम देणारे पाच-सहा प्रकारचे लोक आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जण थांबण्याचा खर्च वेगळ्या खिशात ढकलतो.

जुनी पद्धत साधी होती. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन सभासदांकडून वर्गणी घेई, आणि त्या बदल्यात गाडी बंद पडल्यास मदत देई. वर्गणी देणाऱ्यांतल्या बहुतेकांची गाडी वर्षभरात एकदाही बंद पडत नसे, पण त्यांच्या पैशातून तयारी टिकत असे. आज ही वर्गणी गोळा करतात कार कंपन्या आणि विमा कंपन्या. नव्या गाडीबरोबर काही वर्षांची रस्त्यावरची मदत येते, आणि विम्याच्या पॉलिसीत थोडासा जादा हप्ता भरून तीच सोय घेता येते. या कंपन्या स्वतः क्रेन बाळगत नाहीत. काम एका मदत कंपनीकडे जातं, ती कॉल सेंटर चालवते, आणि कॉल सेंटरवरून केस तुमच्या-आमच्या गावातल्या व्हेंडरच्या मोबाईलवर येते. ग्राहकाने दिलेला जादा हप्ता वरच्या दोन पायऱ्यांवर वर्षाच्या सुरुवातीलाच जमा झालेला असतो. तळाच्या व्हेंडरला मात्र केस झाली तरच पैसे, तेही महिन्या-दोन महिन्यांनी. हातात लेखी करार असतो, वर मोठं नाव असतं, आणि थांबण्याची सगळी जोखीम क्रेनमालकाच्या डोक्यावर असते.

एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने स्वतःचे घालावेत. समजा फ्लॅटबेडचा महिन्याचा हप्ता ४५,००० रुपये, दोन पाळ्यांच्या दोन ड्रायव्हरांचा पगार ४४,०००, विमा, कर, टायर आणि देखभाल मिळून २०,०००, जागाभाडं आणि किरकोळ ६,०००. म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी १,१५,००० रुपये गेले. एका केसमागे जाण्या-येण्याचे ६० किलोमीटर धरू. लिटरमागे ६ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर डिझेलला ९०० रुपये. बिल २,५०० रुपयांचं झालं, तर हातात १,६०० उरले. नुसता खर्च भरून निघायला महिन्याला ७२ केस लागतात, दिवसाला सरासरी अडीचच्या आसपास. मालकाच्या घरात एक रुपया जाण्याआधीचा हा आकडा आहे. आता याच गाडीला दोन ठिकाणांहून दरमहा प्रत्येकी २५,००० रुपये केवळ तयार राहण्याचे मिळाले, तर ७२ ची गरज ४१ वर येते. उरलेल्या केस निवडून घेता येतात, रात्री तीन वाजता तोट्याच्या दरात ७० किलोमीटर पळावं लागत नाही.

म्हणून मदत कंपन्यांचं काम घेऊ नये असं नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून फोन तिथूनच येतो. ठरलेल्या वेळेत पोहोचणं, गाडी चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो, ग्राहकाची सही, ही शिस्त त्यांच्याकडे काम करताना अंगवळणी पडते, आणि पुढे मोठ्या कामात तीच उपयोगी पडते. पण करार वाचताना दर सोडून इतर चार ओळी पाहाव्यात. किलोमीटर कुठून मोजणार, तुमच्या तळापासून की गाडी बंद पडली तिथून? आपण निम्म्या वाटेत असताना ग्राहकाने केस रद्द केली, तर रिकाम्या फेऱ्याचं काय? गॅरेजचं फाटक बंद असल्याने दोन तास थांबावं लागलं, तर ते तास कोणाच्या खात्यात? डिझेल वाढलं तर दर कधी बदलणार? समृद्धी महामार्गावर यातला पहिला प्रश्न फार महागात पडतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर मध्येच वळता येत नाही. बंद गाडी पलीकडच्या बाजूला असेल, तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन उलट यावं लागतं. नकाशात १२ किलोमीटर दिसणारी केस प्रत्यक्षात ४० ची होते. अशा रस्त्यासाठी अंतर प्रत्यक्ष धावलेल्या मार्गाने मोजण्याची अट करारात आधीच लिहून घ्यायला हवी. नंतर भांडून ती मिळत नाही.

टोल असलेल्या रस्त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि थांबण्याचा मोबदला सर्वांत उघडपणे तिथेच मिळतो. राष्ट्रीय महामार्गावरच्या करारांत गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवण्याची जबाबदारी रस्ता चालवणाऱ्या कंपनीवर असते. मदतीच्या १०३३ या क्रमांकावर आलेला फोन याच यंत्रणेकडे वळतो. बऱ्याच कंपन्या क्रेन स्वतः विकत घेण्याऐवजी मासिक भाड्याने लावतात. अशा कामात गाडी दिवसरात्र ठरलेल्या जागी उभी असते, अपघात झाला नाही तरी भाडं मिळतं. दर कमी वाटतो, पण तो बारा महिने येतो. त्याची दुसरी बाजूही आहे. ती गाडी दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरता येत नाही. ती बिघडली तर पर्यायी गाडी काही तासांत द्यावी लागते, नाहीतर दंड कापला जातो. एकच क्रेन असलेल्याने हे काम घेणं धोक्याचं आहे. दोन-तीन मालकांनी मिळून भागीदारी संस्था काढली, तर हा धोका वाटला जातो, आणि आपल्याकडे हे फारच कमी घडतं याची मला खंत वाटते.

या कामात मुदत ओळखणं महत्त्वाचं. तुमचं कंत्राट ज्या कंपनीशी आहे, तिचं स्वतःचं रस्त्याशी असलेलं कंत्राट किती दिवसांचं आहे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे टोलचे हक्क २०२० मध्ये आयआरबी या कंपनीला ८,२६२ कोटी रुपयांना २०३० पर्यंत मिळाले. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीने बांधलेल्या महामार्गांवर बांधकामानंतरची १५ वर्षं देखभाल त्याच कंपनीकडे राहते. उलट नुसत्या टोलवसुलीची कंत्राटं बऱ्याचदा वर्षभराची किंवा त्याहून कमी मुदतीची असतात. पाच वर्षांचा हप्ता असलेली क्रेन एका वर्षाच्या वसुली कंत्राटदाराच्या भरवशावर घेतली, की दुसऱ्या वर्षी मालक बदलतो आणि नवा माणूस आपली क्रेन घेऊन येतो. या सगळ्या मुदती सार्वजनिक कागदपत्रांत मिळतात. कर्ज काढण्याआधी त्या पाहून घ्याव्यात.

पोलीस आणि महापालिकांच्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ नुसार दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेली, किंवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी हलवण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि टोचनाचा खर्च गाडीमालकाकडून वसूल होतो. काम भरपूर असतं, पण ते लोकांच्या रागाशी आणि अधिकाऱ्यांच्या धोरणाशी बांधलेलं असतं. मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी पदभार घेतल्यानंतर लगेचच उभ्या गाड्या उचलणं थांबवण्याची घोषणा केली. नागरिकांनी स्वागत केलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण ज्याचा सगळा धंदा त्या एका कामावर उभा असेल, त्याचं उत्पन्न अशा एका निर्णयाने त्याच दिवशी थांबतं. शिवाय लोकांच्या गाड्या त्यांच्या मनाविरुद्ध उचलणं आणि अडलेल्या माणसाला मदत करणं, या दोन कामांना लागणारी वृत्ती वेगळी आहे. एकाच चमूकडून दोन्ही करून घेऊ नयेत, असं मला वाटतं.

सरकारी निविदांत शिरायचं, तर अडचण येते ती पूर्वानुभवाच्या अटीची. महाटेंडर्स किंवा जेम पोर्टलवर काम दिसतं, पण मागच्या तीन वर्षांची कामं आणि उलाढाल मागितलेली असते. यावर उपाय हळूहळू चढण्याचाच आहे. आधी एखाद्या नगरपरिषदेचं, कृषी उत्पन्न बाजार समितीचं किंवा साखर कारखान्याचं छोटं काम लेखी कार्यादेशावर घ्यायचं आणि ते पूर्ण झाल्याचा दाखला शिक्क्यासह जपून ठेवायचा. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणीही करून घ्यावी, ती विनाशुल्क आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते. गाडीची कागदपत्रं मात्र निर्दोष हवीत. जुन्या जीपवर गावात वेल्डिंग करून बसवलेली क्रेन रस्त्यावर चालून जाते, निविदेत चालत नाही. गाडीत केलेला बदल आरटीओच्या मंजुरीने नोंदणी पुस्तकात चढलेला असावा लागतो.

आता ज्या कामाकडे क्रेनमालकांचं सर्वांत कमी लक्ष जातं आणि ज्यात मला सर्वाधिक स्थैर्य दिसतं, त्याकडे येतो. हे काम आहे गाड्यांचे ताफे बाळगणाऱ्यांचं. एखाद्याची गाडी थांबली की त्याचं नुकसान तासागणिक वाढत असेल, तर तो तयारीचे पैसे द्यायला राजी होतो. घरगुती कारमालक होत नाही, कारण त्याची गाडी वर्षातून एकदा थांबते. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांना कर्मचाऱ्यांची ने-आण करणारा ठेकेदार घ्या. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिला कर्मचाऱ्यांना काम देताना त्यांच्या संमतीबरोबरच सुरक्षितता आणि वाहतुकीची सोय हवी. रात्री एक वाजता महिला कर्मचारी बसलेली कॅब बंद पडली, तर प्रश्न गॅरेजचा राहत नाही, जबाबदारीचा होतो. अशा ठेकेदाराला ‘३० मिनिटांत आमचा माणूस आणि पर्यायी गाडी पोहोचेल’ अशी लेखी हमी देणाऱ्याने दरमहा गाडीमागे ठराविक रक्कम मागावी. दोनशे गाड्यांच्या ताफ्यात गाडीमागे १०० रुपये धरले, तरी महिन्याला २०,००० होतात, आणि ठेकेदाराच्या खर्चात ती रक्कम जाणवत नाही.

नाशवंत माल वाहणाऱ्यांचंही तसंच. नाशिकची द्राक्षं शीतकंटेनरमधून न्हावा-शेव्याला निघतात ती साधारण जानेवारी ते एप्रिल. कंटेनरचं थंडावा देणारं यंत्र बंद पडलं किंवा ओढणारा ट्रॅक्टर घाटात बसला, तर माल आणि जहाजाची वेळ दोन्ही जातात. कोल्हापूर-सांगलीकडचे दुधाचे टँकर, भिवंडीच्या गोदामांतून रात्री सुटणारे ट्रक, गळीत हंगामात ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्या, या सगळ्यांच्या वेळा आणि रस्ते ठरलेले असतात. क्रेनमालकाला याहून सोयीचं गिऱ्हाईक नाही, कारण कोणत्या महिन्यात, कोणत्या घाटात, किती वाजता उभं राहायचं हे त्याला आधी कळतं. कंपन्यांच्या मोठ्या कार्यालयात चकरा मारण्यापेक्षा जिल्ह्यातल्या ट्रान्सपोर्ट संघटनेच्या बैठकीत जाऊन बसावं. तिथे निर्णय घेणारा माणूस समोर असतो, आणि बोलणी एका संध्याकाळी होतात.

गाड्यांचे वितरक आणि अधिकृत वर्कशॉप हा त्याच जातीचा आणखी एक स्रोत. अपघाती गाड्या आणणं, डेमोच्या गाड्या एका शोरूममधून दुसरीकडे नेणं, गोदामातून नव्या गाड्या हलवणं ही कामं दिवसा आणि ठरवून होतात. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानंतर नोंदणीकृत मोडतोड केंद्रं उभी राहिली. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालं. चालू न होणाऱ्या या गाड्या केंद्रापर्यंत कुणीतरी उचलूनच न्यायच्या आहेत. घाईचं नसलेलं हे काम रिकाम्या दुपारी भरायला उत्तम आहे.

हंगामी कामांत कोकणातला गणेशोत्सव पहिला. मुंबई-गोवा महामार्गावर त्या दिवसांत अवजड वाहनांना बंदी असते, चाकरमान्यांच्या गाड्या रांगेत सरकत असतात, आणि घाटात एक गाडी तापली की मागे रांग लागते. प्रशासन जागोजागी क्रेन ठेवतं. आषाढी वारीच्या मार्गावर आणि २०२६-२८ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थात असंच दिवसाच्या भाड्याचं काम निघतं. यात पैसा चांगला असतो, पण त्यावर हप्ता बेतू नये.

काम मिळालं तरी पैसा हातात येण्याची वाट लांबच असते, आणि माझ्या पाहण्यात चालते धंदे बसतात ते बहुधा इथेच. डिझेल रोखीने भरायचं, पगार सात तारखेला द्यायचा, जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, मग बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. बिल मात्र ‘पास’ होतं साठ-नव्वद दिवसांनी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ या बाबतीत स्पष्ट आहे. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर कमाल ४५ दिवसांत, करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही दट्ट्या आणला. मुदत उलटलेले पैसे वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापावा. मार्चच्या आधी समोरच्या कंपनीचा लेखापालच थकबाकी विचारायला फोन करतो.

तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे, याच कायद्याखालची सुविधा परिषद आहे. पण चालू ग्राहकावर तक्रार करायला कुणी धजत नाही, हे वास्तव मान्य करायला हवं. त्यापेक्षा बिलं वटवणाऱ्या ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेचा आग्रह धरावा. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना त्यावर नोंदणी करणं २०२५ पासून बंधनकारक झालं आहे. कंपनीने बिल एकदा मान्य केलं, की बँक थोडा बट्टा कापून लगेच पैसे देते आणि नंतर कंपनीकडून वसूल करते. बट्टा जातो, पण खासगी सावकाराचं व्याज वाचतं. आणि कोणत्याही एका गिऱ्हाइकाची उधारी दोन महिन्यांच्या स्थिर खर्चाच्या वर जाऊ देऊ नये, गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

विम्याबद्दलही बहुतेक मालक गाफील असतात. क्रेनच्या नेहमीच्या मोटार विम्यात त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसान भरून मिळतं, पण आपल्या ताब्यात असलेल्या मालमत्तेचं नाही. म्हणजे पाठीवर चढवलेली ३० लाखांची कार पट्टा तुटून घसरली, तर ती रक्कम मालकाच्या घरातून जाते. ताब्यातल्या गाडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि चांगले ताफेवाले कंत्राट देण्याआधी तोच कागद मागतात. विजेवरच्या गाड्यांनी आणखी एक अट आणली आहे. त्यांची चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर मोटरला इजा होऊ शकते, म्हणून त्या पूर्ण उचलून न्याव्या लागतात. दोरीने टोचन करणाऱ्याचं काम त्यामुळे दरवर्षी कमी होत जाणार, आणि उच्च दाबाच्या बॅटरीजवळ कसं वागायचं हे शिकलेल्या माणसाची किंमत वाढणार.

माणसाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता. केसच्या दरात बहुतेक कंपन्या एकच माणूस धरतात. द्रुतगती मार्गाच्या कडेला, पावसात, वळणाच्या पुढे एकट्याने वाकून हुक लावणारा ड्रायव्हर मागून येणाऱ्या ट्रककडे पाठ करून उभा असतो. पन्नास मीटर मागे शंकू मांडून, दिवा हातात घेऊन उभा राहणारा दुसरा माणूस असेल, तर ड्रायव्हरचा जीव सुरक्षित राहतो. वरच्या हिशेबातल्या ४४,००० मध्ये तो दुसरा माणूस नाही. तो दोन्ही पाळ्यांत ठेवायचा तर खर्च आणखी ३०,००० च्या आसपास वाढेल, आणि ही रक्कम दरपत्रकात वेगळ्या ओळीवर, कारणासह लिहून मागितली पाहिजे. काही कंपन्या नाही म्हणतील. हो म्हणणाऱ्याशी तीन वर्षांचा करार करावा, भले त्याचा किलोमीटरचा दर दोन रुपयांनी कमी असला तरी.